तात्पर्याच्या आधी काय असते? मराठी शाळेतली गोष्ट आणि भिगवणचे पाणी

१/
इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर एरवी उजनीच्या जलाशयात बुडालेले असते. पाणी फार उतरले की ते वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात आले, तेव्हा ते पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. भिगवणहून इंदापूरकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. गोष्टीतले 'कथानक' आणि 'संघर्ष' म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी याहून चांगला फळा नाही. ते कसे, हे समजण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल. त्यासाठी हा धागा.

२/
शाळेतला एक प्रश्न आपणा सर्वांना आठवत असेल : 'खालील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, योग्य शीर्षक द्या व तात्पर्य लिहा.' गरीब लाकूडतोड्या, नदीत पडलेली कुऱ्हाड, जलदेवता, सोन्याची कुऱ्हाड, बक्षीस. मुद्दे जोडले, शेवटी 'प्रामाणिकपणाचे फळ गोड असते' असे लिहिले की गुण मिळत. पिढ्यान्‌पिढ्या आपण गोष्ट अशी शिकलो. यात कथानक होते, तात्पर्य होते. एकच गोष्ट नव्हती, आणि तीच गोष्टीचा प्राण असते.

३/
लाकूडतोड्याची गोष्ट नीट पाहा. जलदेवता सोन्याची कुऱ्हाड पुढे करते तो क्षण. घरी चूल पेटलेली नाही, हातात आयते सोने येत आहे आणि 'होय, माझीच' एवढे दोनच शब्द म्हणायचे आहेत. त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय चालले असेल? संघर्ष तिथे आहे. आपल्या वहीत मात्र तो क्षण एका वाक्यात उरकला जाई, कारण उत्तर आधीच ठाऊक असे. ज्याला मोह झालाच नाही, त्याच्या प्रामाणिकपणाला किंमत कसली?

४/
आपली परंपरा मुळात अशी नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाला 'इतिवृत्त' म्हटले आहे आणि ते नाट्याचे शरीर मानले आहे. त्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. पाच संधींमध्ये 'विमर्श' नावाची एक संधी येते : फळ हाताशी आले असे वाटत असतानाच विघ्न उभे राहते. म्हणजे हवे ते सहजी मिळाले तर नाट्य घडत नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांना नेमके ठाऊक होते.

५/
पंचतंत्र आणि हितोपदेश हे नीतीचे ग्रंथ. पण त्यांतली नीती कोण सांगते, तेही पाहावे. तिथे पात्रे एकमेकांशी वाद घालण्यासाठी गोष्टी सांगतात. नसत्या उठाठेवीत पडू नये म्हणून करटक दमनकाला पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट ऐकवतो. दमनक ती ऐकून घेतो आणि तरीही आपल्याच वाटेने जातो. तात्पर्य तिथे वादातला एक डाव असतो. त्याला उत्तर देता येते आणि ते नाकारताही येते.

६/
मराठीपुरते बोलायचे तर गोष्टीतून शिकवण्याचा सर्वांत जुना मोठा ग्रंथ म्हणजे महानुभावांचा 'दृष्टांतपाठ'. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशिराजांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केले. प्रत्येकाची मांडणी तीन पदरी : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांताचा सूत्राशी लावलेला अन्वय. गोष्ट कशासाठी सांगितली हे इथेही सांगितले जाते, पण मधला दृष्टांत स्वतंत्रपणे उभा राहील इतका जिवंत असतो.

७/
त्यातला हत्तीचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. जन्मांध माणसे हत्ती पाहायला जातात. ज्याच्या हाताला जो अवयव लागतो, त्याला हत्ती तसाच वाटतो. यातला प्रत्येक जण चुकीचा आहे, पण एकही खोटारडा नाही. प्रत्येकाच्या हाताला लागलेले खरेच आहे. हा दृष्टांत लक्षात ठेवावा. भिगवणच्या पाण्याकाठी तो पुन्हा लागणार आहे.

८/
मग छपाई आली. तंजावरला सरफोजी राजांच्या पदरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापच्या कथांचे मराठी रूपांतर झाले. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्याने 'सिंहासनबत्तिशी' आणि 'हितोपदेश' मराठीत काढले. मुंबईत १८२२ मध्ये शाळा व शाळापुस्तके यांसाठी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. तिच्या कामात अग्रेसर असलेल्या सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके मराठी मुलांच्या हाती दिली.

९/
छत्रे यांचे ऋण मोठे आहे. मुलांसाठी सोप्या, वाहत्या मराठी गद्याचा पाया त्यांनी घातला. परंतु नव्या शाळेला पुस्तकाबरोबर परीक्षाही हवी होती. वर्गातल्या चाळीस मुलांना एकाच मापाने तपासायचे, तर एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न सोयीचा. इसापच्या गोष्टीखाली ते उत्तर एका ओळीत तयारच असते. कीर्तनकाराच्या आख्यानातला ताण, पंचतंत्रातला वाद मागे पडला आणि 'तात्पर्य काय?' हा प्रश्न वर्गात कायमचा ठाण मांडून बसला.

१०/
शाळेबाहेर गोष्ट पुढे जात होती. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले. त्यातल्या त्यांच्या 'स्फुट गोष्टी'मध्ये साध्या घरातली माणसे आली, त्यांच्या घुसमटीसह. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई फोकाने मारते, तो प्रसंग आठवावा. मुलाची भीती खरी, आईची तळमळही खरी. मारणारीचे डोळेही ओले. दुष्ट कोणीच नाही, तरी प्रसंग विसरता येत नाही.

११/
आता भिगवणच्या समोरच्या तीराकडे वळू. भीमेच्या पलीकडे कर्जत तालुका, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. त्या कर्जतला १८९४ मध्ये ना. सी. फडके यांचा जन्म झाला. कथा ही स्फूर्तीने आपोआप होत नाही, तिचे तंत्र असते आणि ते शिकता येते, हे मराठीत सर्वांत ठामपणे मांडले ते त्यांनीच. १९३१ च्या 'प्रतिभासाधन' या त्यांच्या पुस्तकावर होतकरू लेखकांची एक पिढी वाढली.

१२/
आकर्षक आरंभ, वाढती गुंतागुंत, उत्कंठा, कळस आणि उकल. फडक्यांच्या तंत्राने लिहिणाऱ्याला नकाशा दिला. युरोपात जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग याने १८६३ मध्ये नाटकाच्या चढत्या-उतरत्या रचनेची आकृती मांडली होती. आज जगभरच्या वर्गांत फळ्यावर जो डोंगर काढून कथानक शिकवतात, तो तिथून आलेला आहे. डोंगराची आकृती मुलांना पटकन कळते. कुठे चढ, कुठे माथा, कुठे उतार, हे दाखवता येते.

१३/
या पद्धतीचा उपहास करण्याची एक फॅशन नंतर आली. ती अन्यायाची आहे. घटनांची यादी म्हणजे कथानक नव्हे, हे मुलांना कधीतरी शिकवावेच लागते. 'धरण झाले. गाव उठले. आजोबा नव्या घरी गेले.' ही यादी. 'गाव उठणार हे ठाऊक असूनही आजोबांनी त्याच वर्षी विहिरीचे काम काढले' हे कथानक, कारण ऐकणारा लगेच विचारतो, का? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये हाच भेद सांगितला : 'मग काय झाले?' याच्या पुढे 'का झाले?' हा प्रश्न आला की कथानक सुरू होते.

१४/
तंत्राची मर्यादा वेगळी होती. तंत्र सांगते की अडथळा हवा. तो कुठून आणायचा, हे ते सांगत नाही. मग गैरसमज, हरवलेले पत्र, कपटी मामा, अचानक भेट असे तयार अडथळे कथेत येऊ लागले. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि तिने हा साचा मोडला. बाहेरची कलाटणी नसली तरी माणसाच्या आत कथा घडते, हे तिने दाखवले.

१५/
माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण तिचा निवेदक शिक्षकच आहे. माणदेशातल्या धनगरवाडीत आलेला एक तरुण मास्तर. यात खलनायक नाही. गाव आहे, मेंढरे आहेत, रुसवेफुगवे आहेत, आणि शेवटी दुष्काळ आहे. पाऊस न पडल्याने वाडी उठून जाते. कोणाचाही दोष नसताना एक आख्खे गाव पांगते, ही गोष्ट 'तात्पर्य लिहा' या प्रश्नात बसवून दाखवावी. बसत नाही.

१६/
तिकडे नीरेकाठी, अकलूजला, १९२७ मध्ये द. मा. मिरासदार जन्मले. ते पुढे पुण्यात मराठीचे प्राध्यापक झाले. शंकर पाटील आणि माडगूळकर यांच्यासह त्यांनी गावोगाव कथाकथन केले. समोर बसलेल्या शेकडो लोकांना कुठे हसू फुटते, कुठे श्वास रोखला जातो, हे या तिघांना रोज दिसत असे. कथानकाचे शिक्षण पुस्तकाविना, कानांनी घडवणारा तो काळ होता. कीर्तनाच्या मांडवातून निघालेली वाट तिथे पुन्हा सापडली.

१७/
१९६७ मध्ये पुण्यात 'बालभारती' स्थापन झाली. पाठ्यपुस्तकांत उत्तम मराठी कथा आल्या. आज बारावीच्या 'युवकभारती'त कथेचा साहित्यप्रकार म्हणून परिचय दिला जातो, कथानक आणि संघर्ष हे शब्द वर्गात येतात. शब्द आले, ही प्रगतीच. पण 'संघर्ष' म्हटले की अजूनही बहुतेक मुलांच्या डोळ्यांपुढे नायक आणि खलनायक यांची मारामारी उभी राहते. इथेच भिगवण उपयोगी पडते.

१८/
सोलापूर जिल्हा हा अवर्षणाचा. पाऊस हुलकावणी देतो, विहिरी आटतात, माणसे जनावरांसह बाहेर पडतात. १९७२ चा दुष्काळ अजूनही घराघरात सांगितला जातो. या भागासाठी भीमा अडवायचे ठरले. १९६६ मध्ये माढा तालुक्यात उजनी येथे धरणाची पायाभरणी झाली आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. क्षमता सुमारे ११७ टीएमसी. जलाशयाला यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून 'यशवंतसागर' हे नाव मिळाले.

१९/
भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागे पसरले ते इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा या तालुक्यांत. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या पट्ट्यातली नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. घरे, देवळे, घाट आणि पाणवठे गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडून लोक वर सरकले. पळसनाथाचे जुने मंदिर मात्र सरकू शकले नाही. ते तिथेच राहिले.

२०/
आता वर्गात विचारावे : या गोष्टीतला खलनायक कोण? मुले आधी धरणाकडे बोट दाखवतील, मग सरकारकडे. तेव्हा त्यांना सोलापूरच्या बाजूला उभे करावे. त्या शहराचे पिण्याचे पाणी उजनीतून येते. कालव्याखालच्या शेतकऱ्याच्या मुलीचे शिक्षण त्याच पाण्यावर झालेले असेल. तिच्या आजीने डोक्यावर हंडे घेऊन मैलोन्‌मैल पायपीट केली असेल. तिच्या दृष्टीने हीच गोष्ट सुखान्त आहे. दोन तीर आणि पाणी एकच.

२१/
ही केवळ जुनी कहाणी नाही. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूर तालुक्याला ५ टीएमसी पाणी देण्याचा निर्णय झाला. सोलापूर जिल्ह्यात तीव्र आंदोलन झाले आणि निर्णय मागे घेण्यात आला. 'आमची जमीन बुडाली, मग पाण्यावर आमचा हक्क नाही का?' हा इंदापूरचा प्रश्न. 'धरण आमच्या दुष्काळासाठी बांधले, आमच्या वाट्याचे पाणी का कमी करता?' हा सोलापूरचा. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. एकाला उत्तर दिले की दुसरा जखमी होतो.

२२/
जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने ग्रीक नाटक 'अँटिगनी'विषयी हेच म्हटले होते. भावाचे अंत्यसंस्कार करू पाहणारी बहीण आणि राज्याचा कायदा राखू पाहणारा राजा. त्याच्या मते खरी शोकांतिका बऱ्यावाइटाच्या झुंजीतून येत नाही, दोन न्याय्य बाजूंच्या टकरीतून येते. दृष्टांतपाठातला हत्ती आपल्याला याच दारापर्यंत घेऊन आला होता. प्रत्येकाच्या हाताला लागलेले खरे आहे, आणि तरी ते पुरेसे नाही.

२३/
इथे एक सावधगिरी हवी. 'दोन्ही बाजू बरोबर' हे नवे तात्पर्य होता कामा नये. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातला संघर्ष दोन न्याय्य बाजूंचा नाही. जातीच्या क्रौर्याला दुसरी बाजू नसते. विस्थापितांच्या बाबतीतही धरण हवे की नको हा एक प्रश्न, आणि उठवलेल्या माणसाला त्याचे देणे वेळेवर व पुरते मिळाले का, हा दुसरा. पहिल्यात दोन न्याय असू शकतात. दुसऱ्यात एकच असतो. हा फरक ओळखायला शिकणे हाही कथेच्या अभ्यासाचाच भाग आहे.

२४/
म्हणून कोणतीही गोष्ट शिकवताना चार प्रश्न पुरेत. या माणसाला काय हवे आहे? त्याच्या आड काय येते : दुसरा माणूस, समाज, निसर्ग की त्याचेच मन? हवे ते मिळवताना त्याला काय गमवावे लागेल? आणि आड येणाऱ्याचेही काही खरे आहे का? पहिल्या तिन्हींतून कथानक उलगडते. चौथ्यातून संघर्ष खोल होतो. तात्पर्य विचारायचेच तर पाचवे विचारावे आणि प्रत्येक मुलाचे उत्तर वेगळे आले तर आनंद मानावा.

२५/
हे प्रश्न घेऊन मुलांना घरी पाठवावे. भिगवणच्या वर्गात मासेमारी करणाऱ्यांची मुले असतात, उसाच्या शेतकऱ्यांची असतात, कामासाठी बाहेरून येऊन इथे स्थिरावलेल्यांची असतात. 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य ती उन्हाळ्यात रोज ऐकतात. धरणात निम्म्याहून अधिक साठा मृत मानलेला आहे, पातळी त्याखाली गेली की आकडा वजा होतो. शून्याखालीही पाणी असते, हे या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्या आजीला गाव सोडतानाचा दिवस विचारला, तर वहीत जे उतरेल ते कुठल्याही मुद्द्यांच्या यादीत नसेल.

२६/
आणि कथेला कलाटणीही आहे. पाणी उतरू लागले की उथळ कडेला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. थव्यांना पाहायला पुण्या-मुंबईहून माणसे येतात. कुंभारगाव-डिकसळच्या काठावरचे मच्छीमार त्यांना नावेतून घेऊन जातात. जिथे गावांची शेते होती, तिथेच आज काहींची रोजीरोटी आहे. याला सुखान्त म्हणावे का? बुडालेल्या जमिनीची भरपाई पक्ष्यांनी झाली असे कोणी म्हणणार नाही. पण गोष्ट १९८० मध्ये संपली, असेही म्हणता येत नाही. कथानक पुढे चालू आहे.

२७/
छत्र्यांच्या इसापनीतीला आता दोनशे वर्षे होत आली. त्या पुस्तकाने मराठी मुलांना वाचायला शिकवले. तात्पर्य लिहायला शिकलेली ती शाळा आता मुलांना तात्पर्याआधी थोडे थांबायलाही शिकवू शकते. कुऱ्हाडीसाठी हात पुढे करण्याआधी लाकूडतोड्या थांबला असेल, तेवढाच वेळ.

२८/
पळसनाथाचे मंदिर पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जाते. धरण भरले म्हणून सोलापुरात समाधान पसरते. त्याच दिवशी पळसदेवचा एखादा म्हातारा काठावर उभा राहून मंदिर कुठे असेल त्या दिशेला हात जोडत असेल. ही दोन्ही दृश्ये एकाच परिच्छेदात लिहा, असे मुलांना सांगावे. ज्याला ती लिहिता आली, त्याला संघर्ष म्हणजे काय ते कळले.

(धागा समाप्त. आपल्या घरात उजनीच्या कोणत्याही तीरावरची आठवण असेल, तर खाली अवश्य लिहावी.)